चार बोटं खिडकी

मुलांच्या वॉर्डात पहिल्याच सकाळी गोबनेटनं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे इथल्या खिडक्या चार बोटांच्या वर उघडत नाहीत. पोरं काठावर चढतात म्हणून लोखंडी पट्टी ठोकलेली आहे, तेव्हा उगाच ओढाताण करून बिजागऱ्या तोडू नकोस. आणि दुसरी म्हणजे रडणाऱ्या पोराची काळजी करायची नाही.

"जे बोंबलतंय ते श्वास घेतंय," ती म्हणाली. "गप्प झालं की धावायचं. राहील लक्षात?"

"राहील," मी म्हणाले.

गोबनेट या वॉर्डाची मुख्य नर्स. बुटकी, जाडजूड, आवाज असा की खाली गाड्या लावणाऱ्यांनीही वळून बघावं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मी तिथे शिकाऊच होते, त्यामुळे मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं नाव डिम्फना कॉनरी. वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षं मी याच हॉस्पिटलात तळमजल्यावर टोकाच्या वॉर्डात होते. कागदावर त्याचं नाव मोठं गोड आहे, पण अख्खं बॅलिनाकॅरा गाव त्याला 'खालचा वॉर्ड' म्हणतं. ज्यांच्यावर करण्यासारखं काही उरलेलं नाही त्यांना तिथे आणतात आणि आम्ही त्यांना दुखू देत नाही. एवढंच काम. मी ते चांगलं करायची, उगाच कशाला लाजू.

खालच्या वॉर्डात गप्प होणं ही चांगली गोष्ट असते. दोन-दोन दिवस घशात घरघर चाललेली असते, घरचे ती ऐकून अर्धमेले झालेले असतात, आणि मग ती थांबते. थांबली की नर्सनं उठायचं, घड्याळ बघायचं आणि खिडकी उघडायची. जिवाला जायला वाट नको का? खोलीतलं कुणी पलंग आणि खिडकीच्या मधे उभं असेल तर ते आपण होऊन बाजूला होतं, सांगावं लागत नाही. दोन तासांनी खिडकी लावून घ्यायची, नाहीतर गेलेलं माणूस परत फिरतं म्हणतात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. कराचीहून आलेले आमचे डॉक्टर सुरुवातीला भुवया उंचावायचे. आता सगळ्यांच्या आधी तेच भिंतीला चिकटतात.

गेल्या जुलैत मी माझ्या आईची खिडकी उघडली. ती घरीच गेली, तिच्या खोलीत, दुपारी पावणेपाचला. मग मी तिला धुतलं, निळा ड्रेस घातला, सगळ्यांना फोन केले, सँडविच कापली. दोन दिवस माणसं येत होती, माझा हात दोन्ही हातांत धरून 'वाईट झालं गं' म्हणत होती, आणि मी त्यांना चहा देत होते. माझा भाऊ फिन्टन, सहा फुटांचा गडी, स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मला काही झालं नाही. भूक लागली होती आणि हॅम चांगलं होतं, एवढंच आठवतं. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. कसला डोंबलाचा धीर! धीर धरायला आधी आत काहीतरी हलावं लागतं.

आईच्या खोलीची खिडकी लावायची राहून गेली. दोन तासांनी लावायची होती, पण तेव्हा पाद्री आले होते, मग शवपेटी आली, मग राहिलीच. मी रोज कामावरून सुटल्यावर त्या रिकाम्या घरी जायची, कोट न काढता आईच्या खुर्चीत अर्धा तास बसायची आणि माझ्या घरी जायची. पाऊस आत यायचा. फिन्टन दर रविवारी कोव्हेन्ट्रीहून फोन करायचा. "खिडकी लाव गं बाई, गालिचा कुजला असेल एव्हाना." मी म्हणायची, लावते. आणि लावत नव्हते. का, ते विचारू नका. मला माहीत असतं तर लावलीच असती.

नोव्हेंबरात मी वर मुलांच्या वॉर्डात बदली मागितली. कारण काय लिहायचं? 'आई मेली आणि मला रडू आलं नाही' असं अर्जावर लिहितात का? मी लिहिलं, 'नवीन अनुभव'. मनात एकच होतं. पोरांमध्येही आपल्याला काही वाटलं नाही, तर मग आपण संपलो, आणि मग खालीच बरं. तीन महिन्यांची मुदत मिळाली. तोवर माझी खालची जागा राखून ठेवणार होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत कळवायचं, वर राहणार की खाली जाणार. राहिले तर सप्टेंबरात गॉलवेला जाऊन मुलांच्या नर्सिंगचा कोर्स करायचा. गेले तर निवृत्त होईपर्यंत खिडक्या उघडायच्या.

पहिले दोन महिने माझी नुसती शोभा झाली. मी पायांचा आवाज न करता चालते. कुजबुजून बोलते. बावीस वर्षांची सवय आहे. चार वर्षांचा एक पोरगा रात्री नीट झोपेना म्हणून विचारलं तर म्हणाला, "ती बाई भूत आहे. ती चालते तेव्हा वाजत नाही." गोबनेट पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं मला कुणाचे तरी लाकडी टाचांचे बूट आणून दिले. "हे घाल. आणि आवाज वाढव जरा! इथे कुणी मरत नाहीये."

एकदा एका पोरीला मी पांघरूण घातलं. चादर छातीपर्यंत गुळगुळीत आणि दोन्ही हात वर, एकावर एक. गोबनेटनं येऊन ते हात खसकन आत कोंबले.

"पेटीत ठेवतेयस की झोपवतेयस तिला?"

"चुकलं."

"चुकलं नाही, अंगात मुरलंय," ती म्हणाली. "काढायला वेळ लागेल. पण काढ बाई, आया बघतात."

पोरं यायची, उलट्या करायची, सुई टोचली की भोकाड पसरायची, बरी व्हायची, घरी जायची. जाताना कुणी मला चित्र द्यायचं, कुणी माझ्या बाहीला नाक पुसायचं. बाकीच्या नर्सेसना भरून येताना मी बघायची. मी चित्र घडी करून खिशात ठेवायची आणि घरी जाऊन खिसा रिकामा करायची. आत काही हलत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं, ते मेलं आणखीनच वाईट.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, ग्रानिया टाफ तिच्या मुलीला घेऊन आली. पोरगी सहा वर्षांची, नाव ब्लॉनिद. दम्याची जुनी दुखणाईत, त्यात आता छातीत कफ भरलेला. ओठ निळसर, खांद्यांपासून श्वास ओढत होती आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. ग्रानियानं तिला कडेवर धरलं होतं. मला बघितल्यावर ती दारातच थांबली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही इथे कशाला?"

चार वर्षांपूर्वी तिची आई बिडी टाफ खालच्या वॉर्डात गेली, माझ्या पाळीत. गावात मला बघून लोक रस्ता बदलत नाहीत, तेवढे वाईट नाहीत ते, पण आवाज खाली आणतात. ग्रानियाचा आवाज खाली आला नाही. ती सरळ गोबनेटच्या टेबलाशी गेली.

"ती बाई मला माझ्या पोरीजवळ नको."

"का? काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. माझ्या आईचं फार छान केलं. म्हणूनच नको."

"हे बघ ग्रानिया," गोबनेट म्हणाली, "दोघी आजारी आहेत आणि एक बाळंतपणाच्या रजेवर. नर्सेस काय माझ्या परसात उगवतात? आहे ती हीच. आणि तुझ्या पोरीला सलाईनची नळी आत्ता लावायचीय, उद्या नाही."

मी नळी लावली. ब्लॉनिदनं मला लाथ मारली, चांगली जोरात, बरगडीत. मी हात हलू दिला नाही. दुखरं माणूस धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सुई एका झटक्यात बसली. मंगळवारी सकाळी ग्रानियानं मला स्वतःहून विचारलं, प्राणवायूचा आकडा किती आलाय. दुपारी विचारलं, सिस्टर, तुम्ही काही खाल्लंत का.

तीन दिवस ती त्या खुर्चीतून उठली नाही म्हटलं तरी चालेल. खिशात कुठल्याशा विहिरीच्या पवित्र पाण्याची बाटली होती, ती अधूनमधून पोरीच्या कपाळाला लावायची. आणि तीन दिवस ती शिट्टी. आत घेताना बारीक, बाहेर सोडताना लांब. खोलीत असताना ती ऐकू यायची आणि घरी गेल्यावरही कानात राहायची. बुधवारी सकाळी औषध लागू पडलं. ओठ गुलाबी झाले, डॉक्टरांनी प्राणवायू बंद केला, बोटावरचा आकडा दाखवणारा चिमटा काढून ठेवला. शिट्टी मात्र होती, बारीक झालेली. दुपारी अडीचला ब्लॉनिद म्हणाली, "मला टोस्ट पाहिजे. लोणी दोन्ही बाजूंना."

ग्रानियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन दिवसांत पोरीनं मागितलेली पहिली गोष्ट. ती उठली, मग माझ्याकडे बघून घुटमळली.

"जा," मी म्हणाले. "मी आहे इथे."

"आहात ना?"

"आहे म्हटलं ना. जा."

ती आईबापांसाठीच्या लहान स्वयंपाकघरात गेली. ब्लॉनिदला वाट बघता बघता झोप लागली. मी खुर्चीत बसून तक्ता भरत होते. बाहेर राखाडी उजेड, समोरच्या भिंतीवर कुणीतरी काढलेला हिरवा हत्ती. शिट्टी आत, शिट्टी बाहेर. मी लघवीचा आकडा लिहीत होते. आणि शिट्टी थांबली.

माझे पाय उठले. आता हे नीट ऐका, कारण मी नंतर ते लिहूनही दिलं आहे. पाय उठले आणि पलंगाकडे गेले नाहीत. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तीन वाजून सात मिनिटं. मी खिडकीशी गेले, खिट्टी फिरवली आणि ढकललं. चार बोटं उघडली आणि पट्टीवर अडकली. गार वारा आत आला. मी हात एकावर एक धरून खिडकीच्या एका अंगाला उभी राहिले, जशी बावीस वर्षं उभी राहिले. मनात काही नव्हतं. शांतही नव्हतं, अशांतही नव्हतं. काम झालं होतं, बस.

दार उघडलं. ग्रानिया आत आली, एका हातात टोस्टची बशी, दुसऱ्यात चहाचा कप. तिनं पलंगाकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे.

ती ओरडली नाही. ती पलंग आणि खिडकीच्या मधोमध होती. ती एक पाऊल डावीकडे सरकली, आणखी एक, आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. वाट मोकळी करून दिली तिनं. दोन्ही हात भरलेले, म्हणून क्रूसाची खूणही करता येईना. तिनं नुसती मान खाली घातली.

तिला सरकताना बघितलं तेव्हा मला कळलं माझ्या हातांनी काय केलंय ते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही माहीत नव्हतं पोरगी आहे की गेली. मी बघितलंच नव्हतं! दम्याचं पोर गप्प झालं तर दोनच गोष्टी असतात, एकतर छाती मोकळी झाली, नाहीतर पार बंद झाली, आणि ही नर्सबाई हात बांधून वाऱ्याला उभी! पलंगापर्यंत तीन पावलं होती. ती तीन पावलं मी कधी विसरणार नाही. मी पोरीच्या छातीवर हात ठेवला.

ऊन होती. हात वर आला, खाली गेला, वर आला. शिट्टी नव्हती. छाती मोकळी झाली होती, एवढंच.

ब्लॉनिदनं एक डोळा उघडला.

"मला थंडी वाजतेय," ती म्हणाली. "खिडकी लाव ना. टोस्ट आला?"

ग्रानियाच्या हातातला कप पडला नाही. कसा पडला नाही देव जाणे. तिनं कप कपाटावर ठेवला, अगदी हळू, कपाचा कान खिडकीच्या बाजूला वळवून. मग येऊन पोरीला बसतं केलं, पाठीला उशी दिली, बशी मांडीवर ठेवली. मग जाऊन खिडकी लावली. मी लावायला हवी होती. पण माझे हात थरथरत होते, खिट्टी हातात राहीना.

"ती सगळी उघडतच नाही," ब्लॉनिद तोंडात टोस्ट कोंबून म्हणाली. "मी सकाळी बघितलं. डोकंसुद्धा जात नाही."

"बोलू नकोस खाताना," ग्रानिया म्हणाली.

पोरीनं दोन्ही टोस्ट संपवले. मी श्वास मोजले, आकडा पुन्हा घेतला, चिमटा परत लावला, सगळं जे आधी करायला हवं होतं ते. मग ग्रानियानं मला मानेनंच बाहेर बोलावलं. कॉरिडॉरमध्ये तिनं दार ओढून घेतलं आणि वळली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"तू माझ्या आईची खिडकी उघडलीस," ती म्हणाली. आतापर्यंत मी 'तुम्ही' होते. "तशीच उभी होतीस. तस्सेच हात. नालायक बाई, माझी पोरगी आहे ती! सहा वर्षांची!"

"हो."

"हो काय? हो काय म्हणतेस?"

"मी बघितलं नाही. आवाज थांबला आणि मी बघितलं नाही. दुसरं काही सांगण्यासारखं नाही माझ्याकडे."

ती भिंतीला टेकली, मग हळूहळू खालीच बसली, जमिनीवर. मीही तिच्या शेजारी बसले. समोरून ट्रॉली गेली. तिनं तोंडावर हात घेतला आणि पुढचं बोलली ते माझ्याशी नव्हतं.

"मी सरकले. मी तिला उचललं नाही. मला वाटलं ती गेली, आणि मी... मी तिच्या वाटेतून बाजूला झाले. कुठली आई असं करते? सांग ना. कुठल्या आईनं केलं असतं?"

हे माझ्यामुळे झालं होतं. पोरगी बरी होऊन घरी जाणार होती, पण हे या बाईच्या मागे जन्मभर राहणार होतं. बावीस वर्षांत मी कितीतरी जणांना काय काय सांगितलं, चांगली गुळगुळीत वाक्यं आहेत माझ्याकडे, एकही तोंडात येईना.

"सगळे होतात बाजूला," मी शेवटी म्हणाले. "आया पण. मी बघितलंय. पाय आधी सरकतात, माणसाला मागून कळतं. त्यात प्रेम कमी-जास्त असं काही नसतं, ग्रानिया. ज्यांनी आधी जन्मभर घट्ट धरलेलं असतं ना, तेही सरकतात."

"तू सरकलीस का? तुझ्या आईच्या वेळी?"

गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"मी तर तेव्हापासून तिथेच सरकून उभी आहे," मी म्हणाले. माझ्याच तोंडून हे ऐकून मी दचकले.

ग्रानियानं माझ्याकडे बघितलं. मग आतून हाक आली, "आई! आणखी टोस्ट!" आणि ती एकदम हसायला लागली, रडत रडत, नाक वाहत. "चार बोटांतून कुठे जाणार होती ही म्हैस माझी," ती म्हणाली. "खांदेसुद्धा नसते गेले." ती उठली, डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी कार्यालयात जाऊन घटनेची नोंद लिहिली. तसं झालं की लिहावंच लागतं. पेन धरवेना, अक्षर पोराचं असावं तसं आलं. काय घडलं, ते लिहिलं. रुग्णाला इजा, नाही. 'कारण' या रकान्यात मी 'सवय' लिहिलं.

गुरुवारी दुपारी गोबनेटनं मला बोलावलं. कागद तिच्यासमोर होता.

"बस. सवय म्हणजे काय, ते मला कळतं. वरच्यांना मी समजावीन. पण पुन्हा असं झालं तर मी तुझ्या बाजूनं उभी राहणार नाही. तुलाही ते माहीत आहे."

"माहीत आहे. मी खाली जाते, गोबनेट. तेच बरं."

"थांब, एवढी घाई काय! ग्रानिया टाफ आली होती सकाळी. लेखी तक्रार दिलीय, दोन पानं, दोन्ही बाजूंनी. आणि वर म्हणाली की पोरगी घरी जाईपर्यंत तिच्याजवळ डिम्फनाच पाहिजे, दुसरी कुणी नको."

"दोन्ही?"

"दोन्ही. टाफ मंडळी तशीच. तिचा आजा शेजाऱ्यावर बांधावरून खटला भरायचा आणि त्याच शेजाऱ्याला बटाटेही नेऊन द्यायचा. म्हणते कशी, आता ती बाई माझ्या पोरीवरून नजर काढणार नाही, बाकीच्यांचं मला माहीत नाही." गोबनेटनं कागद घडी केला. "दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. मला इथे तशीच माणसं लागतात. पण एक विचारते, खरं सांग. काल हात थरथरले म्हणे तुझे?"

"हो."

"शेवटचे कधी थरथरले होते?"

मला सांगता आलं नाही. मी खूप मागे जाऊन बघितलं, तरी सांगता आलं नाही.

"उद्या नऊपर्यंत कळव," ती म्हणाली. "आणि ते बूट घालत जा, परत वाजेनाशी झालीयस."

पाचला सुटले आणि रोजच्यासारखी आईच्या घरी गेले. खोलीत तोच वास, ओल्या लोकरीचा. पडद्याचं खालचं टोक हिरवं पडलं होतं. गालिच्यावर खिडकीखाली काळा डाग, फिन्टन म्हणत होता तसाच. मी कोट न काढता खुर्चीत बसले. समोर आईचा पलंग, मीच व्यवस्थित लावलेला, चादर गुळगुळीत. जुलैत मी तिला तिथे ठेवलं होतं, हात एकावर एक. ती गेली तेव्हा मी खुर्चीत होते. घरघर थांबली आणि मी घड्याळ बघितलं. मी तिच्या छातीवर हात ठेवून बघितला नाही. नर्सला कळतं ना, मग कशाला ठेवायचा? पण मुलगी म्हणून ठेवला असता एकदा, तर काय बिघडलं असतं? ऊन असती ती तेव्हा.

मी उठले आणि खिडकी लावायला गेले. लाकूड पावसानं फुगलं होतं, बसेचना. मी खांदा लावला. शिव्या दिल्या, खिडकीला, फिन्टनला, पाद्रींना, मग आईलासुद्धा. तळहाताला खरचटलं. शेवटी दोन्ही हातांनी सगळं अंग टाकलं तेव्हा ती करकरत खाली आली आणि खिट्टी बसली. खोली एकदम बंद झाली. वाऱ्याचा आवाज गेला.

मी पुन्हा खुर्चीत बसले आणि माझे दात वाजायला लागले. कोट होता अंगावर, गळपट्टा होता, तरी वाजत होते. सात महिने मी रोज या उघड्या खिडकीसमोर अर्धा अर्धा तास बसत होते, पावसात, डिसेंबरच्या बर्फात, आणि एकदाही मला थंडी वाजली नव्हती.

मी वॉर्डात फोन लावला. गोबनेटनंच उचलला. मागे कुणीतरी पोर बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

"मी राहते वर," मी म्हणाले.

"हे सांगायला फोन? उद्या आलीच असतीस ना. आणि दात का वाजतायत तुझे? कुठे आहेस तू?"

"आईकडे. थंडी वाजतेय."

"मग खिडकी लाव की, बाई."

"आत्ताच लावली," मी म्हणाले. आणि मग मला पुढे बोलता येईना. तोंडातून जे यायला लागलं ते शब्द नव्हते. मी आईच्या खुर्चीचे हात धरून भोकाड पसरलं, त्या वॉर्डातल्या कुठल्याही पोरासारखं.

गोबनेटनं फोन ठेवला नाही. "रड," ती म्हणाली. "मी आहे इथे."